साइडकार आणि दोन टक्के द्राक्षं

परवा साताऱ्यात एका मित्राकडे बसलो होतो. त्याला सध्या घरीच 'साइडकार' करायचं खूळ लागलंय. ब्रँडी, संत्र्याची लिकर आणि लिंबाचा रस, बर्फात हलवून गाळायचं. १९२२ साली लंडन-पॅरिसच्या पुस्तकांत छापून आलेलं जुनं कॉकटेल. पठ्ठ्याची तयारी जय्यत होती. नागपुरी संत्र्यांच्या साली आठवडाभर व्होडकात मुरवून वर साखरेचा पाक, शेकर म्हणून घट्ट झाकणाची स्टीलची बाटली, आणि ब्रँडीचा नेहमीचा खंबा.

म्हणाला, "बाकी काही चुको, ब्रँडी अस्सल आहे बघ. द्राक्षाची! तुझ्या मामाच्या बागेतली म्हण हवं तर."

इथे माझी सटकली.

मामाची बाग तासगाव तालुक्यात. त्या बागेचा आणि त्या खंब्याचा काडीचाही संबंध नाही. आपल्याकडची बहुतेक ब्रँडी उसाच्या मळीच्या स्पिरिटपासून होते. वर कॅरॅमलचा रंग, थोडा वास, लेबलवर द्राक्षांचा घड! हे चोरून चाललंय असंही नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८च्या नियमांत 'ब्लेंडेड ब्रँडी' नावाचा वर्गच आहे. त्यात द्राक्षाची ब्रँडी किमान दोन टक्के असली की झालं. म्हणजे ६० मिलीच्या पेगात सव्वा मिली. आमची आजी सर्दीला छातीवर याहून जास्त चोळायची.

युरोपात वाइनपासून गाळली नसेल तर बाटलीवर ब्रँडी लिहिता येत नाही. आपण मात्र साऱ्या देशाला बेदाणे पुरवणाऱ्या जिल्ह्याच्या शेजारी बसून मळीला ब्रँडी म्हणतो.

गंमत म्हणजे शेतकऱ्याचं नाव सगळेच घेतात. २००१ला द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, पलूसला वाइन पार्क झालं. जानेवारी २०२२मध्ये सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय झाला तेव्हा दोन्ही बाजूंनी केवढा गदारोळ! त्यात ब्रँडीच्या बाटलीत द्राक्ष किती, हे कुणी विचारल्याचं मला तरी आठवत नाही. छाटणीपासून औषधफवारणीपर्यंत कर्ज काढून आणलेला माल ऐन काढणीत पावसाने तडकला की मामा बागेच्या बांधावर नुसता बसून राहतो. त्याच्या फळाचं चित्र तेवढं लेबलवर फुकट.

मित्राचं म्हणणं, खरी ब्रँडी परवडायची नाही. कबूल. एक लिटर कॉन्यॅकसाठी नऊएक लिटर वाइन गाळावी लागते, महाग पडणारच. पण इथे जमतच नाही असंही नाही, नाशिकच्या सुलाने निव्वळ द्राक्षाची ब्रँडी काढून दाखवली. ज्यांना मळीची विकायचीय त्यांनी खुशाल विकावी, मी पीतही असेन. फक्त द्राक्ष किती टक्के ते ठळक अक्षरात छापा. दोन तर दोन.

असो. कॉकटेल झालं एकदाचं. ६० मिली ब्रँडी, ३० लिकर, ३० लिंबू. भयंकर आंबट! आपलं कागदी लिंबू त्यांच्या लेमनपेक्षा जहाल, २० मिली पुरे. दुसरा ग्लास बरा जमला. पण त्याचं लक्ष कुठे होतं? मोबाइलचा टॉर्च लावून, चष्मा कपाळावर सरकवून, तो बाटलीच्या मागची बारीक अक्षरं वाचत होता.