वाती, कॅप्सूल आणि दुधाचं संप्रेरक

गेल्या चैत्रात गडाची यात्रा भरली होती. वणीत त्या दिवसांत कुणाच्या घरी पाहुणा नाही असं होत नाही. आमच्याकडे चौघंजणं उतरली होती. सासूबाई वाती वळायला बसल्या. त्यांच्या वाती म्हणजे सुईसारख्या, सगळ्या एका मापाच्या. पण त्या दिवशी कापूस बोटांतून निसटत होता आणि दोन्ही हात थरथरत होते.

खरं सांगते, त्याआधी महिना-दोन महिने मला त्यांचा रागच येत होता. हसणं नाही, बोललं तर पुटपुटल्यासारखं, पाय घासत चालणं. मनात म्हटलं, कशावरून तरी रुसल्यात. चेहरा रुसलेला नव्हता, ताठरलेला होता, हे मला फार उशिरा उमगलं.

शेजारच्या काकूंनी निदान करून टाकलं, "कंपवात हो. आता जन्माचा." ह्यांनी आईंना दिंडोरीमार्गे नाशिकला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं, मीही गेले. मला वाटलं, साखरेसारखं रक्त तपासतील आणि आकडा सांगतील. पण पार्किन्सन आहे की नाही, हे ठामपणे सांगणारी, रोजच्या वापरातली रक्ताची तपासणी अजून नाही. लंडनच्या जेम्स पार्किन्सननं १८१७ साली हा आजार वर्णन केला तो माणसं निरखून. मुंबईच्या पारशी वसाहतींत डॉ. भरूचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी पाहणी केली, ती १९८८ साली छापली गेली. लाखामागे सुमारे ३२८ रुग्ण निघाले. तेही माणसं तपासूनच. आमच्या डॉक्टरांनीही आईंना चालायला लावलं, मनगटं वाकवून पाहिली, कागदावर नाव लिहायला सांगितलं.

मग रक्त कशाला काढलं? तर पार्किन्सनसारखं दिसणारं दुसरं काही नाही ना, हे बघायला. थायरॉइड वाढलं की हात बारीक थरथरतात, घटलं की माणूस मंदावतो. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी बिघडून रक्तातलं कॅल्शियम वर्षानुवर्षं कमी राहिलं तर मेंदूत त्याचेच थर साठू शकतात. आणि रोगी तरुण असेल तर तांब्याची चौकशी हवीच. विल्सनच्या आजारात यकृत जादा तांबं बाहेर टाकत नाही. रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन बहुधा कमी आणि लघवीत तांबं जास्त सापडतं. वेळेवर कळलं तर त्याला औषध आहे. तेव्हा कॉलेजातल्या मुलाचे हात थरथरले तर "अभ्यासाचा ताण" म्हणून सोडू नका.

आईंचं हे सगळं ठीक निघालं. तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "घरातल्या गोळ्या आणल्यात?" आणल्या नव्हत्या! पुढच्या खेपेला पिशवीच नेली. तिच्यात पित्ताची कॅप्सूल निघाली, रोज सकाळी एक, चौदा महिने. कुणीतरी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली, आणि आम्ही दुकानातून आणतच राहिलो. तिच्यात लेव्होसल्पिराइड होतं. शिवाय चक्करेची सिनारिझिनची गोळी.

आता गंमत ऐका. अंगावर पाजलेल्या प्रत्येकीच्या ओळखीचं प्रोलॅक्टिन हे दुधाचं संप्रेरक. मेंदूतलं डोपामिन त्याला आवर घालतं, आणि तेच डोपामिन हातापायांच्या हालचालीही सुरळीत ठेवतं. ही औषधं त्याची वाट अडवतात. मग एकीकडे प्रोलॅक्टिन चढतं, दुसरीकडे हातपाय ताठरतात. पाळी चालू असलेल्या बाईची पाळी चुकते, क्वचित दूधही येतं, आणि ती डॉक्टरकडे धावते. अडुसष्टाव्या वर्षी कुणाच्या काय लक्षात येणार?

आईंचं प्रोलॅक्टिन वाढलेलं निघालं. एवढ्यावर निकाल लागत नाही, असं डॉक्टर म्हणाले, कारण थायरॉइड घटलं, किंवा नुसती घाबरगुंडी उडाली तरी ते चढतं. (म्हणून हे रक्त सकाळी उठल्यावर दोन-तीन तासांनी, जरा शांत बसून द्यावं. एस.टी.तून उतरून धापा टाकत देऊ नये.) पण कॅप्सूल, दोन्ही हात एकदम बिघडणं आणि हा आकडा, तिन्ही जुळत होतं.

कॅप्सूल आणि गोळी डॉक्टरांनी बंद केली. तुम्ही मात्र परस्पर काही बंद करू नका. मनाच्या आजाराची काही औषधंही असाच त्रास देतात, पण ती एकदम तोडणं धोक्याचं. आणि ज्यांच्या घरी खऱ्या पार्किन्सनसाठी लेव्होडोपा चालू आहे, त्यांनी बी-१२ तपासण्याबद्दल जरूर विचारावं. वर्षानुवर्षं ते औषध घेणाऱ्यांत हे जीवनसत्त्व कमी पडू शकतं, आणि आपल्या शाकाहारी घरांत ते आधीच बेताचं.

सुधारायला काही आठवडे, कधी महिने लागतात. काहींचं पूर्ण सुधारतही नाही, कारण खरा आजार आत दबा धरून असतो आणि औषध फक्त त्याला उघडं पाडतं. दिवाळीला आईंनी पुन्हा कापूस घेतला. उजवा हात छान चालला, वातीही जमल्या, थोड्या जाडसर. डावा अंगठा अजून थरथरतो. "बघू गं," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. डॉक्टरांनी पौषात पुन्हा बोलावलंय. गोळ्यांची पिशवी आतापासूनच दाराच्या खुंटीला अडकवून ठेवली आहे.