कार्बनच्या आधी सरबत

पुणे असो, नाशिक असो की नागपूर, सायकल क्लबात नव्याने आलेल्या माणसाला मिळणारा सल्ला जवळपास ठरलेला असतो. हायब्रिड असेल तर रोडबाइक घे. रोडबाइक ॲल्युमिनिअमची असेल तर कार्बनची घे. कार्बन असेल तर चाकं बदल. मग चांगलं हेल्मेट, मग जर्सी, मग शूज आणि क्लीट. खाण्याचा विषय निघतो तो राइड संपल्यावर, मिसळ कुठली चांगली एवढ्यापुरता.

हा क्रम उलटा आहे असं माझं म्हणणं आहे. रविवारी सकाळी ऐंशी-शंभर किलोमीटर मारणाऱ्या, सोमवारी ऑफिस गाठणाऱ्या माणसाने आधी पोटाकडे बघावं, मग सीट, टायर आणि गिअरकडे, आणि सायकलच्या फ्रेमकडे सगळ्यात शेवटी. खिसा रिकामा आहे म्हणून हा क्रम सांगत नाही. ज्याच्या खिशात पाच लाख आहेत त्यालाही तो तितकाच लागू आहे.

पूर्वपक्ष मात्र प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, कारण तो मूर्ख नाही. चढावर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध जावं लागतं, म्हणून हलकी सायकल लवकर वर जाते. व्यावसायिक स्पर्धक त्याच सायकली वापरतात. त्यांच्या सायकलचं वजन ६.८ किलोच्या खाली जाऊ नये असा नियम आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेला करावा लागला, इतका त्यांना हलकेपणाचा हव्यास. आणि तिसरा मुद्दा मनाचा: सायकल देखणी असली की पहाटे पाचला अंथरूण सुटतं. या शेवटच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि द्यायचंही नाही. ज्याचं अंथरूण कार्बनमुळे सुटतं त्याने ती जरूर घ्यावी. फक्त त्याला हौस म्हणावं, वेग म्हणू नये.

आता वजनाचा हिशेब. सिंहगडाचा घाट घेऊ, कारण पुण्यातला प्रत्येक सायकलवाला आपली लायकी तिथेच मोजतो. पायथ्यापासून वरपर्यंत चढाई सहाशे मीटरच्या आसपास. सत्तर किलोचा माणूस, नऊ-दहा किलोची सायकल, दोन बाटल्या, कपडे, पंक्चरचं सामान, सगळं मिळून ८३-८५ किलो होतात. यातला एक किलो कमी केला तर वजन सव्वा टक्क्याच्या आसपास घटलं, आणि चढावरचा वेळही साधारण तेवढाच घटणार. घाटाला पन्नास मिनिटं लागत असतील तर वाचलं अर्ध्या मिनिटाच्या थोडं वर. हा एक किलो कमी करायला दुकानात किती मोजावे लागतात ते ज्याने मोजलेत त्याला माहीत आहे. भरलेली पाऊण लिटरची बाटली ओतून टाकली की त्यातला पाऊण किलो फुकटात कमी होतो. आणि जो माणूस उपाशी चढायला लागतो, त्याची शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये दहा-दहा मिनिटं जातात. ती अर्ध्या मिनिटाच्या कोणत्या खात्यात मांडायची?

सपाटीवर तर वजनाचा प्रश्नच मागे पडतो. तिथे बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि हवेला अडवतं ते मुख्यतः शरीर, सायकल नव्हे. म्हणून कोपर थोडे वाकवून, खांदे आत घेऊन बसणं हे उंच रिमच्या चाकांपेक्षा स्वस्त आणि जास्त गुणकारी. त्याहून गुणकारी म्हणजे पुढच्याच्या मागे नीट चालवणं. ड्राफ्टिंगमध्ये चतुर्थांश ते तृतीयांश ताकद सहज वाचते. पण क्लबात शिकवायची गोष्ट नेमकी तीच राहून जाते. पुढच्याच्या चाकाशी चाक आडवं भिडू न देणं, अचानक ब्रेक न मारणं, खड्डा दिसला की हाताने दाखवणं आणि ओरडणं, आपली पाळी संपली की वेग न वाढवता बाजूला होणं. हे येत नसलेला माणूस पाच लाखांच्या सायकलवर बसला तरी सगळ्यांना त्याची धास्तीच वाटते.

टायरबद्दल एक जुनी समजूत चांगलीच मुरलेली आहे: बारीक आणि दगडासारखा कडक टायर म्हणजे वेगवान. राइडच्या आधी अंगठ्याने टायर दाबून, न दबल्याचं समाधान चेहऱ्यावर घेऊन उभे असलेले लोक मी अजूनही पाहतो. १२० पीएसआय भरलेला २३ मिलिमीटरचा टायर गुळगुळीत ड्रमवर प्रयोगशाळेत खरोखर वेगवान ठरतो. पण आपण ड्रमवर चालवत नाही. खडबडीत रस्त्यावर कडक टायर खडा गिळत नाही, तो सगळी सायकल आणि तुम्हाला घेऊन वर उडतो. ती उसळी हात, पाठ, मांड्यांचे स्नायू शोषतात आणि ती ताकद वाया जाते. हे उमगल्यावर व्यावसायिक स्पर्धकांनीही २३ वरून २५, मग २८ आणि त्याच्याही पुढे मजल मारली, दाब मात्र उतरवला. सत्तर किलोच्या माणसाला २८ च्या टायरमध्ये ७०-७५ पीएसआय पुरतात, पुढच्या टायरमध्ये थोडे कमी. ज्या रस्त्यावर सिमेंटच्या स्लॅबचे जोड दर काही फुटांनी धडका देतात तिथे तर याची जास्तच गरज. दाब कमी केला की ट्यूबला चिमटा बसून पंक्चर होतं ही तक्रार खरी आहे, पण ती बारीक टायरची. रुंद टायरमध्ये हवेची गादी मोठी असते, म्हणून ती तिथे क्वचितच येते. अडचण असलीच तर जुन्या फ्रेमची: काहींमध्ये २५ च्या पुढे जागाच नसते. घेण्याआधी मोजून बघावं.

गिअरबाबत तर निव्वळ मर्दानगीचा प्रश्न झालेला आहे. मागे मोठ्या दातांची कॅसेट दिसली की 'ही थाळी कशाला?' अशी कुचेष्टा होते. हिशेब करून बघू. पुढे ३९ आणि मागे २५ दात असतील, तर मिनिटाला साठ पेडल मारताना सायकल ताशी बाराच्या आसपास चालते. दहा टक्क्यांच्या चढावर त्यासाठी तीनशे वॉटच्या घरात ताकद लागते, आणि ती क्लबातल्या बहुतेकांकडे पाच मिनिटांपेक्षा जास्त नसते. पुढे ३४ आणि मागे ३२ असेल तर तेवढ्याच फेऱ्यांना ताशी आठ, ताकद दोनशेच्या आसपास. ३९-२५ वाला चाळीस फेऱ्यांवर येतो, गुडघ्यांवर भार देत रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी चालवायला लागतो, आणि मागून ट्रक येतो. व्यावसायिकही आता अवघड घाटांच्या दिवशी मागे ३४-३६ दात लावतात. ज्यांच्या नावाने आपण कार्बन घेतो त्यांच्या कॅसेटचं अनुकरण करायला आपल्याला लाज का वाटते, हे मला कळत नाही.

सीटच्या उंचीबाबत थोडक्यात सांगतो, कारण चांगला फिटर दोन तासांत जे बघतो ते लेखात बसणार नाही. एडी मर्क्सचं उदाहरण मात्र घ्यावं असं आहे. १९६९ साली ब्लुआ इथल्या अपघातानंतर त्याच्या पाठीचं दुखणं कधी पूर्ण गेलं नाही, आणि त्यानंतर तो सीटची उंची सारखी बदलत राहिला, चालत्या शर्यतीतसुद्धा. जगातला सर्वोत्तम सायकलपटू काही मिलिमीटरसाठी एवढा अस्वस्थ होतो, आणि आपण सीट दुकानदाराने लावली तिथेच वर्षभर ठेवतो. कपड्यांपुरतं सांगायचं तर एक चांगली बिब शॉर्ट्स, तीही आत काही न घालता, डोक्यावर हेल्मेट, पहाटेच्या अंधारात दिसेल असा मागचा लाल दिवा. एवढ्यावर किटचा विषय संपतो.

आता मुख्य गोष्ट, जिथे सर्वांत मोठं नुकसान होतं: उपाशी निघण्याचं व्रत. 'पोट रिकामं असलं की चरबी जळते' हे वाक्य क्लबात सकाळी हमखास ऐकू येतं. त्यात तथ्याचा अंश आहे. उपाशीपोटी हळू चालवताना शरीर चरबी जास्त वापरतं. पण राइडदरम्यान चरबी वापरणं आणि महिन्याभरात चरबी कमी होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी दिवसभराच्या एकूण खाण्यावर ठरते. आणि उपाशी निघालेला माणूस राइडनंतर मिसळपाव, जोडीला भजी आणि चहा असा हिशेब चुकता करतो, हे मी सांगायला नको. व्यावसायिक कधीकधी उपाशी सराव करतात तो प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, मंद वेगात, हेतू ठरवून. आपला रविवारी सकाळचा घाट त्यात बसत नाही. स्त्रियांनी तर याबाबत जास्तच सावध राहावं. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी 'रेड-एस' या नावाने जे लक्षणसमूह मांडले, त्यांचं मूळ हेच: व्यायामाला पुरेल एवढं न खाणं. पाळी अनियमित होते, हाडं कमजोर होतात. पुरुषही त्यातून सुटत नाहीत.

शरीराची टाकी किती मोठी, तेही बघू. स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन साठतं, म्हणजे दोन हजार किलोकॅलरी. मध्यम जोरात चालवणारा माणूस तासाला पाचशे ते सातशे किलोकॅलरी जाळतो. चरबीचा हातभार लागतो म्हणून आपण तीन-चार तास टिकतो, पण साठा खाली गेल्यावर अचानक पाय लोण्याचे होतात, चिडचिड होते, डोकं चालेनासं होतं. सायकलवाले त्याला 'बॉंक' म्हणतात. त्या अवस्थेत कोणत्याही लाखाच्या चाकांनी फरक पडत नाही.

उपाय काय? तासाला साठ ग्रॅम कर्बोदकं, आणि तीही पहिल्या तासापासून, भूक लागायची वाट न बघता. एकट्या ग्लुकोजचं शरीर तासाला साठ ग्रॅमच्या आसपासच शोषू शकतं. फ्रुक्टोज आतड्याच्या वेगळ्या वाटेने जातं, म्हणून दोन्ही मिळून नव्वदपर्यंत पोचता येतं. बर्मिंगहॅम विद्यापीठात करेल आणि यूकेंड्रप यांनी २००८ साली केलेल्या प्रयोगात सायकलपटूंनी दोन तास चालवल्यावर वेळेची शर्यत लावली. ग्लुकोज-फ्रुक्टोज घेणारे, तेवढंच पण निव्वळ ग्लुकोज घेणाऱ्यांपेक्षा आठ टक्क्यांनी सरस ठरले. प्रयोगात माणसं मोजकीच होती, मात्राही मोठी. म्हणून आठ आकडा घोकू नये. पण एक किलो कार्बनने दिलेला सव्वा टक्का शेजारी ठेवून बघावा.

आणि ही दोन वाटांची साखर आपल्या डब्यातच असते. साध्या साखरेचा रेणू अर्धा ग्लुकोज, अर्धा फ्रुक्टोज. पाऊण लिटरच्या बाटलीत ४५ ग्रॅम साखर म्हणजे साधारण दहा-अकरा सपाट चमचे, पाव चमचा मीठ आणि एक लिंबू. साखरेचा खर्च दोन-तीन रुपये. जेलच्या पाकिटात २२ ते २५ ग्रॅम असतात आणि त्यासाठी शंभरच्या पुढे मोजावे लागतात. जेल वाईट नाही. घाटात एका हाताने फाडता येतं, ही त्याची खरी सोय आहे, आणि शर्यतीत ती महत्त्वाची. पण रविवारी टपरीशेजारी पाण्याला थांबणाऱ्याला तिची काय गरज?

इथे आपल्या दुसऱ्या बाजूच्या मंडळींनाही बोललं पाहिजे. 'परदेशी जेल कशाला, आपली शेंगदाण्याची चिक्की आहे ना' असं छातीठोकपणे सांगणारे भरपूर आहेत. चिक्की चवीला उत्तम, पण त्यात दाण्याचं तेल भरपूर. चढावर पोटात ती पचायला रेंगाळते. तेच मिसळीचं आणि पराठ्याचं. देशी आहे म्हणून चालतं असं नाही, साखर-पिष्ट जास्त आणि तेल कमी हा निकष. केळं (सुमारे २५ ग्रॅम), खजूर, राजगिऱ्याचा लाडू, मुरमुरे, उकडलेला बटाटा मीठ लावून, हे त्यात बसतं. ओआरएस मात्र वेगळ्या कामाचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणानुसार त्यात लिटरला अवघे १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, कारण ते जुलाबातलं पाणी भरून काढण्यासाठी आहे. एक बाटली ओआरएस घेऊन 'मी फ्युएलिंग केलं' म्हणणाऱ्याच्या टाकीत जेमतेम एक-दोन घास पडले.

पाण्याचा आकडा मात्र कुणाला ठरवून देता येत नाही. ऊन, वेग, घाम, सगळं बदलतं. राइडआधी आणि नंतर वजन करून बघावं. नंतर वजन वाढलेलं दिसलं तर जास्त प्यायलं गेलं, आणि नुसतं पाणी ढोसत राहणं धोक्याचं आहे, त्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं. बोस्टन मॅरेथॉनमध्ये २००२ साली तपासलेल्या धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम खाली गेलेलं आढळलं होतं.

पूर्वपक्षाकडे शेवटी एक अस्त्र उरतं: लांब पल्ला. 'दोनशे किलोमीटरची बीआरएम हायब्रिडवर होत नसते.' बघू. बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राइड, ब्रेवे. दोनशे किलोमीटरची ब्रेवे साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते, म्हणजे थांबे धरून ताशी पंधराच्या आतली सरासरी. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या चार वर्षांतून एकदा होणाऱ्या बाराशे किलोमीटरच्या ब्रेवेत नव्वद तास मिळतात, आणि तिथे मडगार्ड, हँडलबारवर मोठी पिशवी लावलेल्या जाड स्टीलच्या सायकली सर्रास दिसतात. जे मध्येच सोडतात त्यांना फ्रेमने क्वचितच सोडायला लावलेलं असतं. पोट, तळहात, बैठक आणि झोप, यांपैकी कुणीतरी. या चौघांपैकी एकाचाही इलाज सायकलच्या दुकानातल्या महाग कपाटात नाही.

एक आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो, तो दंतवैद्यांचा. तासभर साखरेचं लिंबूपाणी घोटाघोटाने पिणं दातांना चांगलं नाही, आणि मधुमेह असलेल्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नये. दातांसाठी सायकलला दोन बाटल्या लावाव्यात: एक सरबताची, दुसरी साध्या पाण्याची, दर घोटानंतर चूळ भरायला. आणि फ्रेमला दोन बाटल्यांच्या जागा आहेत का, हे सायकल घेताना पहिल्यांदा बघावं. दुकानात फ्रेमचं वजन विचारणारे खूप असतात. बाटलीचा पिंजरा कुठे बसतो, हे विचारणारा माझ्या पाहण्यात एखादाच.