लग्नपत्रिकेवर सही कोणाची?

लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर फाईल येते, ती उघडताच फोनचा ताबा भलत्याच्या हाती जातो आणि बँक खात्याला हात लागतो. या प्रकाराबद्दल २०२४ च्या लग्नसराईत काही राज्यांच्या पोलिसांना नागरिकांना सावध करावे लागले. पत्रिका चित्ररूप असेल, तर तिच्या नावाच्या शेवटी 'जेपीजी' किंवा 'पीडीएफ' असावयास हवे; या फाईलच्या शेवटी 'एपीके' असते. म्हणजे ती पत्रिका नव्हे, अँड्रॉइड फोनवर बसणारे ॲप आहे.

युक्ती जुनीच आहे. मे २००० मध्ये जगभर हाहाकार माजविणाऱ्या 'आय लव्ह यू' विषाणूच्या फाईलच्या नावात आधी 'टीएक्सटी' होते आणि त्यापुढे 'व्हीबीएस'. विंडोज हे शेवटचे एक्स्टेन्शन लपवीत असल्याने वाचणाऱ्याला ते साधे प्रेमपत्र वाटले. विंडोज ११ मध्येही एक्स्टेन्शन मुळात लपलेलेच असते, हा हट्ट अनाकलनीय म्हणावा लागेल.

एक्स्टेन्शन ही केवळ चिठ्ठी. ती कोणीही बदलू शकतो. त्यावर उतारा म्हणून डिजिटल स्वाक्षरीकडे बोट दाखविले जाते. आपल्याकडे १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आलेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने तिला मान्यता दिली. फाईलच्या मजकुरावरून गणिताने एक ठसा काढला जातो आणि तो स्वाक्षरी करणाऱ्याच्या गुप्त किल्लीने बंद केला जातो. मागाहून एक अक्षर जरी बदलले, तरी ठसा जुळत नाही.

मात्र इथेच खरी मेख आहे. अँड्रॉइड स्वाक्षरीविना कोणतेही ॲप बसवून घेत नाही. तेव्हा ती फसवी पत्रिकाही डिजिटल स्वाक्षरी केलेलीच असते. फक्त त्या स्वाक्षरीचे प्रमाणपत्र भामट्याने स्वतःच स्वतःला दिलेले असते. उलट, महाराष्ट्रात २०१८ पासून मिळणाऱ्या डिजिटल सातबाऱ्यामागे सरकारमान्य प्रमाणन संस्था उभी असते. तरीही संगणकावर उघडल्यावर त्यावर अनेकदा पिवळे प्रश्नचिन्ह उमटते, कारण त्या परदेशी सॉफ्टवेअरच्या विश्वासू यादीत भारतीय मूळ प्रमाणपत्र नसते. छापील प्रतीवर तर स्वाक्षरीचे नुसते चित्र उरते. पडताळणी करावयाची, तर संकेतस्थळावर क्रमांक घालून करता येते.

आणि ज्यांच्याकडे खरी किल्ली आहे, त्यांचे काय? अनेक कंपन्यांच्या संचालकांचा यूएसबी टोकन, पिनसह, हिशेबनिसाच्या खणात असतो. कायद्याच्या लेखी सही मात्र संचालकाचीच.