बर्फातली काटकसर



पंधरा दिवसांपूर्वी नाशिकच्या एका काकूंचे पत्र आले. त्यांची लेक यंदा उन्हाळ्यात इकडे डेन्व्हरला राहायला आली आहे. काकू लिहितात, "लेक म्हणते, बर्फासाठी गाडीला वेगळे टायर घ्यायचे. जावई म्हणतात, आपली गाडी चारही चाकांनी ओढणारी आहे, काही गरज नाही. किमतीचा आकडा ऐकून माझे तर डोळेच पांढरे झाले. चार महिन्यांच्या थंडीसाठी एवढा खर्च खरंच लागतो, का ही दुकानदारांनी काढलेली टूम?"

खरं सांगू? पत्र वाचून मी जरा ओशाळलेच. कारण अगदी हेच शब्द इथल्या पहिल्या वर्षी मी ह्यांना ऐकवले होते.

आधी इथला भूगोल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आपलं कळसूबाई शिखर सुमारे ५४०० फूट उंच. डेन्व्हर शहरच मुळी ५२८० फुटांवर वसलेलं आहे. म्हणजे आम्ही कळसूबाईच्या जवळजवळ माथ्यावरच चूल मांडली आहे म्हणा ना! शहरातून पश्चिमेला आय-७० नावाचा हमरस्ता निघतो, तो चढत चढत ११ हजार फुटांवर जातो आणि तिथे आयझेनहॉवर बोगद्यातून डोंगर ओलांडतो. हा बोगदा १९७३ साली खुला झाला. बोगद्याच्या अलीकडे ऊन आणि पलीकडे हिमवादळ, असा प्रकार इथे नेहमीचाच.

तर त्या पहिल्या वर्षी ह्यांनी ऑक्टोबरमध्ये टायरचा विषय काढला. मी हिशेबाची वही पुढे केली. बालवाडीतल्या माझ्या अर्धवेळ नोकरीचा पगार तो केवढा, त्यात घरभाडं, मुलीची शाळा. म्हटलं, "आहेत ते टायर चांगले आहेत. वर्षभर चालणारे म्हणूनच विकलेत ना? शहरातला बर्फ तर दोन दिवसांत वितळतो." विषय मिटला.

नोव्हेंबरच्या सुटीत नणंद आपल्या मुलाला घेऊन आली. तिला बर्फ बघायचा होता. गाडी मी चालवत होते, शेजारी हे, मागे नणंद आणि दोन मुलं. बोगद्यापर्यंत रस्ता कोरडा ठणठणीत होता. बाहेर पडलो आणि समोर सगळं पांढरं! पुढे सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत लांबलचक उतार आहे. पुढच्या गाडीचे लाल दिवे लागले, मी ब्रेक दाबला. ब्रेक लागला, चाकं थबकली, पण गाडी काही थांबेना. साबणाच्या पाण्यावरून पाट घसरावा तशी ती सरळ घसरत निघाली. मागे नणंदेने दोन्ही मुलांना कवटाळलं. मी स्टिअरिंग कडेला वळवलं आणि गाडी बाजूच्या बर्फाच्या ढिगाऱ्यात रुतून बसली. कुणाला खरचटलंही नाही. पण माझी लेक बराच वेळ एकच विचारत होती, "आई, तू थांबवत का नव्हतीस?"

गाडी ओढून काढायला तीनशे डॉलरच्या वर गेले. टायरच्या निम्म्याहून जास्त पैसे एका दुपारी गेले, आणि टायर ते टायरच राहिले! दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, ते त्या दिवशी मला पटलं. तेव्हापासून या विषयात मी जे शिकले, ते आज सांगते.

रबराची गोष्ट

थंडीत खोबरेल तेल थिजतं ना? बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. टायरच्या रबराचंही थोडंफार तसंच. साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली नेहमीच्या टायरचं रबर कडक होऊ लागतं आणि रस्त्याला धरेनासं होतं. थंडीच्या टायरचं रबर वेगळ्या मिश्रणाचं असतं, ते गारठ्यातही मऊ राहतं. शिवाय त्याच्यावर बारीक बारीक चिरा असतात. त्यांच्या कडा बर्फाला पकडतात. म्हणजे बर्फ पडलेला नसला, रस्ता नुसता गार असला, तरी या टायरचा उपयोग आहे.

आता जावईबापूंच्या मुद्द्याचं. चारही चाकांनी ओढणारी गाडी बर्फातून सुटते छान, चढही चढते. पण थांबवायचं काम इंजिन करत नाही. चार चाकांना ब्रेक तर प्रत्येक गाडीलाच असतो. थांबताना आणि वळताना रस्ता धरतो तो टायर, आणि तोच कडक असला तर महागडी गाडीसुद्धा घसरते. उलट अशी गाडी सहज पळते म्हणून माणूस गाफील राहतो.

खुणा बघून घ्या

टायरच्या अंगावर दोन खुणा दिसतात. पहिली 'एम प्लस एस', म्हणजे चिखल आणि बर्फ. ही नुसत्या नक्षीवरून मिळते, त्यासाठी बर्फात परीक्षा द्यावी लागत नाही. दुसरी खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. ही असलेला टायर बर्फावर तपासलेला असतो. पण ती परीक्षा बर्फात गाडी पुढे ओढण्याची आहे, थांबण्याची नाही. म्हणून खूण ही किमान अट समजावी. दुकानात बोट ठेवून हीच खूण दाखवायला सांगावी.

कायद्याचंही बघायला हवं. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आय-७० च्या मॉरिसन ते डॉट्सेरो या डोंगरी टप्प्यात १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात टायरची खाच निदान ३/१६ इंच खोल लागते, आणि गाडी चारही चाकांनी ओढणारी नसेल तर टायरवर वरच्यापैकी एक तरी खूण लागते. नाहीतर साखळ्या बरोबर बाळगायच्या. नियम मोडला तर दंड, आणि आपल्यामुळे रस्ता अडला तर ६५० डॉलरच्या वर! जावईबापूंच्या गाडीलाही खाचेचा नियम सुटत नाही बरं.

घरच्या घरी पाहायचं तर पाव डॉलरचं नाणं घ्या. वॉशिंग्टनचं डोकं खाली करून खाचेत उभं घाला. डोक्याचा वरचा भाग पूर्ण उघडा दिसला, तर खाच १/८ इंचाहून कमी राहिली आहे. असा टायर घेऊन डोंगराकडे जाऊच नये.

ऐपतीप्रमाणे निवड

आता खर्चाचं. तीन प्रकारच्या घरांना तीन सल्ले देते.

ज्यांचं जाणं-येणं शहरातच आहे, डोंगरात वर्षातून एखादी फेरी, आणि टायर ठेवायला जागा नाही, त्यांनी सध्याचे टायर झिजले की हिमकणाची खूण असलेले बारमाही टायर घ्यावेत. ते वर्षभर गाडीवरच राहतात, दुसरा संच लागत नाही. खास थंडीच्या टायरइतके ते बर्फावर धरत नाहीत, पण साध्यापेक्षा पुष्कळ बरे.

ज्यांना हिवाळ्यात वरचेवर डोंगर ओलांडावा लागतो, त्यांनी थंडीचाच संच घ्यावा. त्यात सर्वात नामांकित कंपनीचा हट्ट नको. मधल्या किमतीचा, खूण असलेला, नव्या तारखेचा टायर घरगुती गाडीला पुरतो.

आणि ज्यांना नवा संच अगदीच झेपत नाही, त्यांनी जुना पाहावा, पण डोळ्यांत तेल घालून. टायरवर डी.ओ.टी. या अक्षरांपुढे आकडे असतात, त्यातले शेवटचे चार वाचा. ३५२४ असेल तर २०२४ सालच्या ३५व्या आठवड्यातला. सहा वर्षांहून जुना असेल तर घेऊ नका. नक्षी कितीही छान दिसली तरी रबर वाळलेलं असतं. एका बाजूने झिजलेला, कडेला फुगलेला किंवा बाजूला ठिगळ मारलेला टायर फुकट मिळाला तरी नको. (हे चार आकडे आपल्याकडच्या मोटारीच्या टायरवरही असतात. पावसाळ्यात कसारा घाट चढण्यापूर्वी एकदा वाचून बघा!)

एक मात्र तिघांनाही सांगते. टायर घ्यायचे ते चार. पैसे वाचवायला दोनच पुढे घालतात, त्यात फार धोका असतो. पुढची चाकं रस्ता धरतात, मागची धरत नाहीत, आणि वळणावर गाडीचं शेपूट फिरतं.

माझ्या वहीतला हिशेब

आम्ही शेवटी काय केलं ते सांगते. गाडीच्या दाराच्या चौकटीवर टायरचं माप लिहिलेलं असतं. आमचं १७ इंची. पण त्याच गाडीला १६ इंची रिमही बसते, असं पुस्तिकेत निघालं. लहान मापाचा टायर स्वस्त पडतो, आणि जरा अरुंद असलेला बर्फात उलट बरा. मात्र ब्रेकला अडत नाही ना, हे दुकानात विचारून घ्यावंच.

चार टायर, दर नगी ११० प्रमाणे ४४० डॉलर. साध्या लोखंडी रिम चार, ७० प्रमाणे २८०. बसवून तोल साधून घेण्याचे ८०. एकूण ८००. आकडा मोठा दिसतो खरा. पण हा संच पाच हिवाळे चालेल असं धरलं, तर वर्षाला १६० पडतात. आणि तेवढे महिने उन्हाळ्याचे टायर विश्रांती घेतात, ते तेवढे जास्त टिकतात. दोन साड्या आलटून पालटून नेसल्या तर दोन्ही जास्त दिवस जातात, तसंच हे.

"रिमचे २८० कशाला घातले?" असं कुणी विचारील. एकाच रिमवर टायर उतरवा-चढवायचे तर दर खेपेला दुकानात ८० डॉलर. वर्षातून दोन खेपा, पाच वर्षांत दहा, म्हणजे ८००! रिम वेगळ्या असल्या की जॅक लावून चाक घरीच बदलता येतं. आम्ही दोघं मिळून रविवारी सकाळी तासाभरात बदलतो. पन्नास-शंभर मैल गेल्यावर नट पुन्हा आवळून घ्यायचे, हे मात्र विसरायचं नाही. नव्या रिममध्ये हवेचे सेन्सर नसतील तर समोर एक दिवा पेटून राहतो. सेन्सर घेतले तर खर्च वाढतो, आणि नसतील तर हवेवर आपणच डोळा ठेवायचा. नाहीतरी थंडीत हवा कमी होतेच. दर १० अंश फॅरनहाइटला साधारण एक पौंड. सेन्सर असोत-नसोत, माझं मापक स्वयंपाकघराच्या खणातच असतं.

निगा

टायर ऑक्टोबरच्या मध्यावर चढवावेत. पहिल्या बर्फाच्या दिवशी दुकानात रांग लागते आणि हवं ते माप संपलेलं असतं. उतरवायची मात्र घाई नको. डेन्व्हरला सरासरीने सर्वात जास्त बर्फ मार्चमध्ये पडतो. एप्रिल संपता संपता उतरवावेत, कारण मऊ रबर उन्हाळ्याच्या रस्त्यावर भराभर झिजतं.

उतरवलेली चाकं धुऊन, कोरडी करून, मोठ्या पिशव्यांत घालून अंधाऱ्या गार जागी आडवी रचावीत. मी प्रत्येकावर खडूने लिहिते: 'डा. पु.', 'उ. मा.', म्हणजे डावं पुढचं, उजवं मागचं. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तोही पाहावा.

आणि इतकं सगळं करूनही टायर म्हणजे काही कवचकुंडलं नव्हेत. पुढच्या गाडीपासून लांब राहायचं, उतारावर गिअर खालचा ठेवायचा, वादळाची सूचना असली तर घरी पिठलं-भात करून खायचा. बर्फ उद्याही दिसतो.

काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की ही टूम नाही. लेक बरोबर सांगते आहे. तुम्ही तिच्यावर पैशाची उधळपट्टी म्हणून रागावू नका, आणि जावईबापूंना हा अंक जरूर पाठवा. आमच्या घरात त्यांच्या बाजूने बोलणारी मी होते, तेव्हा त्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

परवा लेकीला शाळेतून आणताना पहिला बर्फ पडला. चौकात दिवा लाल झाला, मी ब्रेक दाबला आणि गाडी जिथल्या तिथे थांबली. मागून आवाज आला, "आई, थांबली!" आठशे डॉलरचा हिशेब माझ्या वहीत त्याच दिवशी फिटला.

तेव्हा यंदा लेकीचा फोन आला की "जेवलीस का?" च्या आधी विचारा, "टायर बदललेस का गं?"