केंद्राध्यक्षांना निरीक्षक म्हणून परदेशी पाठवा

परक्या देशातली निवडणूक पाहायला आपल्या माणसांनी स्वखुशीने जावे का, असा विषय निघाला की ‘आधी घरचं बघा’ हे उत्तर हमखास येते. बडोद्यात शिक्षिका म्हणून नोकरी करताना सात निवडणुकांत मी केंद्राध्यक्ष होते. घरचे पाहून झाले आहे, म्हणूनच हे लिहिते.

केनियाचे उदाहरण घ्या. इथल्या कितीतरी घरांचे नातेवाईक नैरोबीत आहेत, तेव्हा तो देश आपल्याला फारसा परका नाही. ८ ऑगस्ट २०१७ ला तिथे मतदान झाले. परदेशी निरीक्षकांनी मतदानाबद्दल समाधान व्यक्त केले. १ सप्टेंबरला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षपदाची निवडणूकच रद्द ठरवली. गोम होती ती केंद्रांवरचे निकालाचे तक्ते वर पाठवण्यात आणि त्यांच्या पडताळणीत.

आपला केंद्राध्यक्ष या कागदांतच मुरलेला असतो. पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान पन्नास मतांचे मॉक पोल घ्यायचे. यंत्रातली ती मते ‘क्लिअर’ करायची, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या काढून प्रत्येकीच्या पाठीवर शिक्का मारायचा, काळ्या पाकिटात घालून सील करायच्या. संध्याकाळी नोंदलेल्या मतांच्या हिशेबाचा नमुना १७-सी भरून प्रत्येक प्रतिनिधीला प्रत द्यायची. त्यात एका आकड्याची चूक झाली तर रात्री यंत्रे जमा करताना घाम फुटतो.

एकदा एक आजी आल्या, तर त्यांच्या नावावर आधीच कुणीतरी मत देऊन गेलेले. प्रतिनिधींचा आरडाओरडा सुरू झाला. ओळख पटवून मी त्यांना टेंडर मतपत्रिका दिली. हे मत एरवी मोजणीत धरत नाहीत, हे त्यांना सांगताना माझा आवाज बसला. त्या निमूट शिक्का मारून गेल्या. असा दिवस काढलेला माणूस दुसऱ्याच्या केंद्रावर गेला, तर बाहेरच्या रांगेवर त्याचे समाधान होणार नाही. तो तक्ता मागेल.

आणि हे आपल्याला नवे आहे का? पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पाडणारे सुकुमार सेन १९५३ मध्ये सुदानला गेले, ते तिथल्या पहिल्या निवडणुकीच्या आयोगाचे अध्यक्ष म्हणून. सात जणांच्या त्या आयोगात ब्रिटन, इजिप्त, अमेरिका यांचाही प्रत्येकी एक सदस्य होता.

आज आपल्या निवडणूक आयोगाचे वरिष्ठ आमंत्रणावरून बाहेर जातात. मे २०२४ मध्ये २३ देशांचे ७५ पाहुणे आपली निवडणूक पाहायला आले, त्यांतले काही गुजरातमध्येही होते. पण हा सारा वरिष्ठांचा व्यवहार. युरोपीय संघाच्या मोहिमांत साधा नागरिक अर्ज करून जाऊ शकतो. निवृत्त शिक्षक, तलाठी, बँक कर्मचारी यांच्यासाठी आपल्याकडे तशी सरकारी वाट मला कुठे दिसत नाही.

ही परक्या घरातली ढवळाढवळ आहे, हा आक्षेप मला मान्य नाही. संयुक्त राष्ट्रांत २००५ साली जाहीर झालेल्या तत्त्वांनुसार यजमान देशाने बोलावल्याशिवाय निरीक्षक जात नाहीत आणि गेल्यावर तिथल्या अधिकाऱ्याला हुकूम सोडत नाहीत. पाहायचे, लिहायचे, गप्प राहायचे. दिवसभर हुकूम सोडण्याची सवय झालेल्या आम्हा केंद्राध्यक्षांना हे शेवटचे जड जाईल, म्हणून प्रशिक्षण हवेच.

निवडणूक आयोगाने निवृत्त मतदान कर्मचाऱ्यांची यादी करावी, कुठल्याही पक्षाशी संबंध नसलेल्यांनाच तीत घ्यावे, आणि शेजारी देशांचे आमंत्रण आले की वरिष्ठांबरोबर त्यांतले चारजण पाठवावेत. तोवर, निवडणूक ड्युटी केलेल्या वाचकांनो, बँकॉकची ‘एशियन नेटवर्क फॉर फ्री इलेक्शन्स’ ही संस्था आशियातल्या नागरिकांना निरीक्षक म्हणून नेते. तिच्याकडे चौकशी करा. मी करते आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार, बडोदा