अभंग चर्चमध्ये गेला, तेव्हा : अहमदनगरचा एक दुर्लक्षित वारसा

१/ ‘ख्रिस्ती गीते म्हणजे विलायती चालींवरची भाषांतरे’ हा समज अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) इतिहासापुढे टिकत नाही. मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंगाचा सूर मिळाला, त्यात या शहराचा वाटा मोठा आहे.

२/ मुळे त्याहून जुनी आहेत. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात १६१६ मध्ये छापले गेले. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे १८३१ मध्ये उभे राहिले आणि १८४२ मध्ये तेथूनच ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. पुढे कृष्णराव सांगळे यांनी देशी चालींची गीते रचली आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले.

३/ या प्रवाहाला पूर आणला तो नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९). १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी नगरला कर्मभूमी मानले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती.

४/ हे केवळ छंदाचे उसने घेणे नव्हते. वारकरी विठ्ठलाला ‘विठाई’ म्हणतो. टिळकांनी ख्रिस्ताला आई म्हटले. प्रवचनातले तारण पाप आणि न्याय यांच्या भाषेत येई. अभंगात तेच तारण भेटीची ओढ झाले, सांत्वन झाले.

५/ यावर आक्षेप असा, की हे धर्मप्रसाराचे साधनच होते. होते, यात शंका नाही. परंतु ती गीते गाणारे कोण होते? जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजात महार-मांग कुटुंबांची संख्या मोठी होती. ज्या परंपरेत चोखोबांना मंदिराबाहेर थांबावे लागले, तिचाच अभंग ही माणसे प्रार्थनामंदिराच्या आत बसून गाऊ लागली. धर्मांतराने जात पुसली गेली नाही, हेही तितकेच खरे. पण गाण्याचा अधिकार मिळाला, ही लहान गोष्ट नव्हे.

६/ पाठ्यपुस्तकांनी टिळकांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून जपले, लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’नी त्यांना घराघरांत नेले. त्यांची भक्तिगीते मात्र चर्चच्या भिंतींआड राहिली. तेथे ती ‘उपासना संगीता’तून आजही गायली जातात, बाहेर त्यांचा अभ्यास तुरळक.

७/ ही वाटणी अन्यायाची आहे. अभंग ही एका पंथाची मिरास असती, तर तो नगरच्या चर्चमध्ये रुजलाच नसता. मराठी भक्तिकाव्याचा इतिहास लिहिताना हे पान गाळले, तर उणीव ख्रिस्ती समाजाच्या नव्हे, मराठीच्या वाट्याला येईल.