गाव म्हणजे त्याच्या वाटा

डोंगरातले लहान गाव म्हटले की एक ठरीव चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. जगापासून तुटलेले, आपल्यापुरते पिकवून खाणारे, पिढ्यान्‌पिढ्या जसेच्या तसे राहिलेले. कुणी या चित्रावर भाळून गावाला निर्मळ म्हणतो, कुणी याच चित्रावर बोट ठेवून त्याला मागास ठरवतो. स्तुती आणि निंदा वेगळ्या असल्या तरी दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच असते : गाव एकटे असते. ही समजूत तपासायची तर दक्षिण फ्रान्समधल्या मोंतायूकडे पाहावे. स्पेनच्या सीमेजवळ, पिरेनीज पर्वताच्या उत्तर अंगाला, आजच्या आरिएज जिल्ह्यात सुमारे १३०० मीटर उंचीवर हे गाव आहे. वर पडक्या किल्ल्याचे अवशेष, खाली उतारावर घरे, हिवाळ्यात बर्फ. चौदाव्या शतकाच्या आरंभी येथे दोनशे ते अडीचशे माणसे राहत. नकाशावर पाहिले तर एकटेपणाचे याहून चोख उदाहरण सापडणार नाही. पण या गावाची जी कागदपत्रे उरली आहेत, ती नेमके उलटे सांगतात. मोंतायूला त्याच्या भूगोलाने कोंडून ठेवले नव्हते. त्या भूगोलानेच त्याला बाहेरच्या जगाकडे ढकलले होते.

ही कागदपत्रे उरली ती एका छळातून. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात या प्रदेशातील कॅथार या चर्चने पाखंडी ठरवलेल्या ख्रिस्ती पंथाविरुद्ध पोपच्या आज्ञेने धर्मयुद्ध झाले. १२४४ मध्ये माँसेगूर किल्ला पडला आणि दोनशेहून अधिक कॅथारांना जाळण्यात आले. तरीही डोंगराळ भागात पंथाची धुगधुगी टिकून होती. १३१७ मध्ये पामिए येथे बिशप म्हणून आलेल्या जाक फूर्निए यांनी ती कायमची विझवण्याचा निश्चय केला. १३१८ ते १३२५ या काळात त्यांच्या न्यायासनापुढे ३७० दिवस कामकाज चालले आणि ५७८ जबान्या झाल्या. आरोपींमध्ये मोंतायूचे २५ जण होते. शेतकरी, मेंढपाळ, विधवा, घरकाम करणाऱ्या बाया ऑक्सितान भाषेत बोलत आणि लेखनिक ते लॅटिनमध्ये उतरवून घेत. फूर्निए पुढे १३३४ मध्ये बाराव्या बेनेडिक्ट या नावाने पोप झाले, त्यामुळे त्यांचे दप्तर पोपच्या ग्रंथालयात पोहोचून टिकले. झाँ दुव्हेर्न्वा यांनी १९६५ मध्ये ते संपादित करून छापले आणि त्याच्या आधारे इतिहासकार एमान्युएल ल रॉय लादुरी यांनी १९७५ मध्ये मोंतायूवरचे आपले गाजलेले पुस्तक लिहिले. ज्या माणसांना एरवी इतिहासाने नावानिशी कधीच ओळखले नसते, त्यांचे चुलीपाशी चाललेले बोलणे आज आपल्याला वाचता येते.

या जबान्यांमधून आधी दिसते ती रोजची गरज. मोंतायूच्या उंचीवर ओट, गहू आणि सलगम पिकत. द्राक्षाचा वेल आणि ऑलिव्हचे झाड तगत नसे. त्यामुळे वाइन आणि तेल खालच्या मुलखातूनच यायचे. गावात गिरणी नव्हती. दळणासाठी धान्य डोंगर उतरून आक्स या गावी न्यावे लागे आणि पीठ घेऊन पुन्हा चढून यावे लागे. म्हणजे भाकरीसारखी घरातली गोष्टसुद्धा गावाबाहेर गेल्याशिवाय पुरी होत नव्हती. त्यात भर बिशपच्या दशमांशाची. मेंढ्यांवरही तो आकारला जाई आणि फूर्निए तो कडकपणे वसूल करत. गावकऱ्यांच्या मनात चर्चबद्दल जी चीड होती, तिच्यात धर्मतत्त्वांइतकाच या वसुलीचाही वाटा होता. स्वयंपूर्णता ही श्रीमंत जमिनीची चैन आहे. गरीब डोंगराला ती परवडत नाही.

गावाचा खरा पसारा मेंढ्यांनी आखला होता. वरच्या कुरणांत उन्हाळाभर चारा असतो, हिवाळ्यात तिथे बर्फ असते. मग कळप उबदार सखल भागाकडे हलवणे आलेच. मोंतायूचा मेंढपाळ प्येर मोरी याची जबानी वाचताना हा पसारा लक्षात येतो. तारुण्यात तो घर सोडून आर्कच्या खोऱ्यात चाकरीला गेला. पुढे त्याचे आयुष्य वार्षिक फेऱ्यांचे झाले : उन्हाळ्यात पिरेनीजच्या उंच खिंडी, हिवाळ्यात कॅटालोनियाच्या दक्षिणेकडची कुरणे. वाटेत मालक बदलत, सोबती बदलत, एकाच झोपडीत वेगवेगळ्या खोऱ्यांतले मेंढपाळ एकत्र चीज करत. पर्वताच्या दोन्ही बाजूंच्या बोली एकमेकींच्या इतक्या जवळच्या होत्या की बोलणे अडत नसे. सरदार आणि राजे ज्या पर्वताकडे सीमा म्हणून पाहत होते, मेंढपाळ त्याच पर्वताकडे वाट म्हणून पाहत होते.

पाखंडही याच वाटांनी आले. प्येर आणि ग्वियोम ओतिए हे दोघे भाऊ आक्सचे नोटरी. ते उत्तर इटलीतील लोम्बार्डीत गेले, तिथल्या कॅथार गुरूंकडून दीक्षा घेतली आणि १३०० च्या सुमारास परतून डोंगरात प्रचार करू लागले. दळणासाठी, बाजारासाठी आक्सला जाणाऱ्या मोंतायूला त्यांचे विचार पोहोचायला वेळ लागला नाही. १३०८ मध्ये कार्कासोनच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या धर्मन्यायालयाने, गावातल्या जवळजवळ सगळ्या प्रौढांना पकडून नेले, तेव्हा निसटलेल्यांनी मेंढ्यांचीच वाट धरली. स्पेनच्या बाजूला सान मातेओ आणि मोरेया या गावांत त्यांनी ग्वियोम बेलिबास्त या शेवटच्या गुरूभोवती एक छोटी वस्ती उभी केली. पकडणारा हातही त्याच वाटेने पोहोचला. आर्नो सिक्र हा आक्सचा माणूस. त्याच्या आईची मालमत्ता पाखंडाच्या आरोपावरून जप्त झाली होती. ती परत मिळावी म्हणून तो भाविकाचे सोंग घेऊन वस्तीत शिरला आणि बेलिबास्तला भुलवून उत्तरेकडे घेऊन आला. १३२१ मध्ये व्हिलरूज-तेर्मेनेस येथे बेलिबास्तला जाळण्यात आले. श्रद्धा, आश्रय आणि विश्वासघात, तिघांनीही एकच पायवाट तुडवली.

यावर पहिला आक्षेप पुराव्याच्या जातीवरच घेतला जातो. न्यायाधीशापुढे भीतीने थरथरत बोललेल्या माणसाचे शब्द खरे कसे मानायचे? अमेरिकन मानवशास्त्रज्ञ रेनाटो रोसाल्दो यांनी १९८६ मध्ये ल रॉय लादुरी यांच्यावर हाच ठपका ठेवला : छळ करणाऱ्याच्या दप्तराला त्यांनी निरागस मुलाखत समजले. आक्षेप वजनदार आहे, आणि माझ्या मुद्द्यापुरता तो आणखी धारदार करता येतो. फूर्निए फिरत्या गुरूंचा माग काढत होते. कोण कुठे गेला, कुणाला भेटला, हेच ते विचारणार. मग दप्तरात सगळे फिरतानाच दिसले तर नवल काय? पण दळण, वाइन, कुरणे, मालकाशी ठरलेली चाकरी, यांतली कोणतीच गोष्ट गुन्हा नव्हती. ती लपवून आरोपीचा फायदा नव्हता, फुगवून न्यायाधीशाचा नव्हता. ओघात आलेले हे तपशीलच सर्वांत भरवशाचे आहेत, आणि गाव बाहेर कसे जोडलेले होते ते मुख्यतः त्यांच्यातूनच कळते.

दुसरा आक्षेप असा की मोंतायू अपवाद होते. पाखंडी गावावरून सर्वसाधारण गावाचा निष्कर्ष काढता येत नाही. श्रद्धेच्या बाबतीत ते अपवाद होते, हे मान्य. पण मेंढ्यांच्या बाबतीत नव्हते. पिरेनीजमधली कितीतरी गावे अशाच ऋतुमानाच्या फेऱ्यांवर जगत होती. मोंतायूचे वेगळेपण एवढेच की तिथे कुणीतरी प्रश्न विचारून उत्तरे लिहून ठेवली. तिसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे : फिरणारे थोडे, घरी राहणारे पुष्कळ, विशेषतः बायका. शिवाय या लोकांच्या मनाचे केंद्र होते ‘ओस्टाल’, म्हणजे घर, कुटुंब आणि त्याचे नाव, सारे एकत्र. हे खरेच आहे. मात्र घराची ओढ आणि बाहेरची वाट यांत विरोध नव्हता. मोंतायूची ग्वियमेत मोरी सान मातेओला जाऊन राहिली, शेतीभाती केली आणि तिथले तिचे घर डोंगरातून येणाऱ्या आप्तांसाठी उघडे राहिले. ओस्टाल पर्वत ओलांडू शकत होते. जी बाई कधीच गाव सोडत नव्हती, तिच्या ताटातही बाहेरून दळून आणलेल्या पिठाची भाकरी होती.

या सगळ्याचा आजच्या काळाशी संबंध आहे. आरिएज जिल्ह्याची लोकसंख्या १८४६ मध्ये दोन लाख सत्तर हजारांच्या घरात होती. आज ती दीड लाखाच्या आसपास आहे. मोंतायूत कायम राहणारी माणसे तीसही नाहीत. बंद गाव आधुनिक जगाला उघडे झाले आणि ओस पडले, असे याचे स्पष्टीकरण सर्रास दिले जाते. मोंतायूच्या दप्तरापुढे ते टिकत नाही. गाव सातशे वर्षांपूर्वीही उघडेच होते. फरक पडला तो वाटेच्या दिशेत. तेव्हा बाहेर गेलेला माणूस पीठ, वाइन, लोकरीचे पैसे, नवा विचार, काहीतरी घेऊन परत येत होता, कारण गावाच्या कुरणांना आणि घरांना त्याची गरज होती. आज बाहेर गेलेल्याला परत आणणारे काम गावात उरलेले नाही. म्हणून डोंगरी गावांना जुन्या रूपात जपून ठेवण्याच्या योजना मला अपुऱ्या वाटतात. दगडी भिंती डागडुजी करून टिकतील, पण शाळा, दवाखाना आणि पोट भरेल असा व्यवसाय नसेल तर त्या भिंतींमागे ओस्टाल राहणार नाही. प्येर मोरी पाखंडी म्हणून पकडला जाण्याचा धोका पत्करूनही वर्षामागून वर्षे हिवाळा सरला की कळप घेऊन पिरेनीजच्या खिंडींकडे चढत राहिला. त्याला वर ओढणारी गोष्ट साधी होती : तिथे गवत उगवत होते आणि त्याच्या मेंढ्यांना ते हवे होते.